दोन एफचा ऑफ

कंधारच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो, तेव्हा लवकरच माझ्या लक्षात आलं की मुलं मोठ्या शब्दांना भीत नाहीत. मोठा शब्द ती पाठ करतात आणि मोकळी होतात. अडतात ती लहान शब्दांपाशी. त्यांतही सगळ्यांत जास्त अडायची ती 'ऑफ'पाशी. एक एफचा ऑफ आणि दोन एफचा ऑफ. आमच्याकडे दोन्हींचा उच्चार सारखाच, त्यामुळे श्रुतलेखनात हमखास कुणीतरी विचारायचं, "सर, एक एफ का दोन एफ?"

मी सांगायचो, एक एफवाला जोडतो, दोन एफवाला तोडतो. पान झाडाचं आहे तोवर एक एफ. गळून पडलं की दोन एफ. एवढं पुरायचं.

हे दोन्ही शब्द मुळात एकच होते, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. एकच शब्द, जोर देऊन उच्चारला तर तोडणारा आणि हलका उच्चारला तर जोडणारा. पुढे लिहिण्यात ते वेगळे झाले. वर्गात मी हे कधी सांगितलं नाही, कारण परीक्षेत येत नव्हतं. घरी बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. थोडा वेळ विचार करून म्हणाली, "मग दुसरा एफ कुणी घातला?"

आमच्या भागात या शब्दाला इंग्रजांनी कधी दिलं नाही ते काम आम्ही दिलेलं आहे. सर आले नाहीत की तास ऑफ होतो, वीज गेली की पंखा ऑफ होतो, कंडक्टरला आठवड्याचा ऑफ असतो, इथपर्यंत ठीक आहे. पण माणूसही ऑफ होतो. "वरच्या आळीतला म्हातारा ऑफ झाला" हे वाक्य मी कंधारमध्ये, नांदेडमध्ये, एसटीत, लग्नाच्या पंगतीतही ऐकलं आहे. एकदा एका मुलानं रजेच्या अर्जात 'माय ग्रँडफादर इज ऑफ' असं लिहिलं होतं. मी वर्गाला म्हणालो, हे वाचून इंग्रज म्हणेल, आजोबा रजेवर आहेत, मग तुला कशाला रजा हवी? वर्ग हसला. तो मुलगाही हसला. पुढे दर वर्षी मी हे उदाहरण देत असे.

निवृत्त झाल्यावर आम्ही कंधारहून नांदेडला राहायला आलो. माझी बायको रेणापूरची. ती आजारी पडली आणि आजार वाढला, तेव्हा आम्ही तिला नांदेडहून लातूरच्या एका खासगी दवाखान्यात नेलं, कारण तिथे तिची भाची नर्स होती. भाची म्हणजे माझ्या मेव्हण्याची मुलगी. ती हिला आत्या म्हणायची, आणि आत्याचा नवरा म्हणून मला, आमच्याकडच्या रीतीप्रमाणे, मामा म्हणते. आपलं माणूस आत असलं की बाहेर बसणाऱ्याला धीर येतो. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर मी बाकावर बसून असायचो. दुपारी तिची ड्यूटी संपायची, ती दार ढकलून बाहेर यायची आणि मास्क खाली ओढत म्हणायची, "मामा, ऑफ झाली. चला, दोन घास खाऊन घ्या." ऑफ झाली म्हणजे ड्यूटी. हे रोजचं होतं.

त्या दिवशीही ती दुपारचीच बाहेर आली. मास्क तसाच होता. म्हणाली, "मामा, ऑफ झाली."

मी म्हणालो, "मग जा तू घरी. सकाळपासून उभी आहेस. जेव आणि झोप. मी बसतो इथं."

ती गेली नाही. तशीच उभी राहून पुन्हा म्हणाली, "मामा, ऑफ झाली."

"हो, कळलं," मी म्हणालो. "जा ना मग."

ड्यूटी स्त्रीलिंगी आहे आणि आत्याही. आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या माणसाला त्या वाक्यातला कर्ता सापडला नाही. मेव्हणा जिन्यातून वर आला, त्यानं मुलीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो तिथेच फरशीवर बसला. तेव्हा मला कळलं. नंतर डॉक्टर बोलले, कागदांवर सह्या झाल्या, पुष्कळ लोक भेटले. पण मला आठवतं त्याप्रमाणे, दुसरा कुठला शब्द कुणी वापरला नाही.

पुढचे काही महिने मी नांदेडच्या घरी होतो. वाचायचो. भेटायला येणारे येत होते. "कधी ऑफ झाल्या ताई?" असं कुणी विचारलं की मी चहा टाकतो म्हणून आत जायचो. भाचीवर मला राग नव्हता. राग यावा असं तिनं काही केलंच नव्हतं. तरी तिचा फोन येईनासा झाला, आणि मीही तिला केला नाही. सणावाराला मोबाइलवर शुभेच्छांचं चित्र यायचं, त्यावर मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवायचो. आमच्या दोघांच्या मध्ये तेवढा एक शब्द होता. त्याला ओलांडून बोलायचं कसं, हे दोघांनाही सुचत नव्हतं.

मग उन्हाळा संपता संपता एक दिवस तिचा फोन आला.

"मामा, मी नापास झाले."

"कशात?"

"बोलण्यात. लिहायचं, वाचायचं, ऐकायचं, सगळं निघालं. बोलण्यात गेलं."

तिनं आयर्लंडमधल्या एका दवाखान्यात जागेसाठी अर्ज केला होता, हे मला तेव्हा कळलं. मुलाखत झाली होती, त्यांनी तिला निवडलंही होतं. फक्त नर्सेससाठी असते ती इंग्रजीची परीक्षा राहिली होती. बोलण्याच्या भागात एकामागून एक दोन कार्डं देतात. कार्डावर प्रसंग असतो. उमेदवारानं नर्स व्हायचं, समोरची बाई पेशंट होते किंवा पेशंटची नातेवाईक होते, आणि दोघींनी तो प्रसंग बोलायचा. दवाखाना तिच्यासाठी आणखी एका परीक्षेपर्यंत थांबणार होता. पुन्हा गेली असती तर जागा दुसऱ्या कुणाला मिळणार होती.

"कार्ड काय आलं होतं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "पेशंट वारलेला असतो. त्याच्या बायकोला सांगायचं."

"बरं."

"मी तयारी केली होती मामा. पण ऐनवेळी तोंडातून निघालं, 'युअर हजबंड इज ऑफ.' ती बाई म्हणली, 'ऑफ? ऑफ व्हेअर?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणलं, 'जस्ट ऑफ, मॅडम.'"

मला हसू आलं. आवरायच्या आत ते तिला ऐकू गेलं आणि तीही हसली. मग दोघांच्याही डोळ्यांपुढे दवाखान्यातलं तेच दार आलं असणार.

"तुला आठवड्याची सुट्टी कधी असते?" मी विचारलं.

"रविवारी ऑफ असतोय," ती म्हणाली आणि जीभ चावल्यासारखी थांबली.

"तो ऑफ बरोबर आहे," मी म्हणालो. "रविवारी ये."

लातूरहून सकाळच्या एसटीनं ती यायची आणि संध्याकाळी परत जायची. तिचं व्याकरण वाईट नव्हतं. तिच्या इंग्रजीला सवय नव्हती, इतकंच. मी ठरवलं की ज्या शब्दानं घात केला त्याचीच आधी नीट ओळख करून द्यायची, म्हणजे त्याची भीती जाईल. पेशंटला कपडे काढायला सांगायचं तर 'टेक ऑफ'. भुलीचा असर उतरतो ते 'वेअर ऑफ'. ऑपरेशन पुढे ढकललं ते 'पुट ऑफ'. तिकडचा म्हातारा सांगेल, 'आय अ‍ॅम ऑफ माय फूड.' म्हणजे तो मेला नाही, त्याची अन्नावरची वासना उडाली आहे.

"हे बरंय," ती म्हणाली. "मी आपली घाबरून डॉक्टरला बोलवून आणलं असतं."

"आणि मॉनिटरचा अलार्म 'वेंट ऑफ' म्हणजे?"

"बंद झाला."

"वाजला."

"ऑफ झाला म्हणजे वाजला?"

"हो."

"आन लाईट वेंट ऑफ म्हणजे?"

"लाईट गेली."

तिनं पेन खाली ठेवलं. "मामा, ह्या लोकायचं काय खरं न्हाई."

पण हे तिला पक्कं करून घ्यावंच लागलं. रात्रपाळीच्या नर्सनं सकाळी येणाऱ्या नर्सला सांगितलं की अलार्म ऑफ झाला होता, तर एकीला वाटेल तो वाजला आणि दुसरीला वाटेल तो बंद पडला. शब्द चुकला तर माणूस जाऊ शकतो अशा फार कमी जागा असतात. तिची जागा त्यांतली होती. शाळेत मी मार्कांसाठी शिकवत होतो. हे शिकवताना मला माझाच विषय नवा वाटायला लागला.

दुपारी मेव्हण्याचा फोन यायचा. तो शेतातून बोलायचा, म्हणून त्याचा आवाज घरभर ऐकू जायचा. "दाजी, शिकायलीय का नुस्ती जेवायलीय?"

"दोन्ही."

"तिकडच्या पेशंटला हिचं इंग्रजी ऐकूनच घाम फुटंल बघा. ताप आपोआप उतरंल. गोळीचं कामच न्हाई."

"पप्पा, मग तुम्हीच जावा की बोलायला," ती म्हणायची.

"मी गेलो तर महिन्याभरात सगळं गाव मराठी बोलंल तिकडलं."

पुष्कळ दिवसांनी घरात दोन माणसांचं जेवण होत होतं. वरण मला नीट जमायला लागलं होतं. पोळ्या ती करायची.

सरावासाठी तिच्याकडे कार्डांचा एक गठ्ठा होता. गोळ्या वेळेवर न घेणारा पेशंट, मुलाला लस द्यायला तयार नसलेली आई, पथ्य न पाळणारा मधुमेही. मी पेशंट व्हायचो आणि मुद्दाम अडून बसायचो. ती माझी समजूत घालायची. हळूहळू तिची वाक्यं सुटी व्हायला लागली. मनात आधी मराठी वाक्य रचून मग त्याचं इंग्रजी करण्याची तिची सवय कमी झाली. पण एक गोष्ट मी पाहत होतो. गठ्ठ्यातलं एक कार्ड ती दर वेळी तळाशी सारायची. कुठलं, ते मला माहीत होतं. मीही काही बोलत नव्हतो.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी जेवणं झाल्यावर मी गठ्ठा हातात घेतला आणि तळाचं कार्ड वर काढलं.

"हे राहिलं," मी म्हणालो.

"हे मी मैत्रिणीबरोबर करते, मामा."

"मैत्रिणीबरोबर केलं होतंस ना मागच्या वेळी?"

ती खाली बघून म्हणाली, "तुमच्यासमोर ते मला म्हणता येणार न्हाई."

मी तिला मला ठाऊक होतं ते सांगितलं. अशा वेळी फिरवून बोलू नये, असं इंग्रजीत नर्सेसना शिकवतात. 'पास्ड अवे' ऐकून दुःखातल्या माणसाला नीट उमगत नाही. 'वी लॉस्ट हिम' म्हटलं तर तो विचारतो, कुठे हरवला? म्हणून सरळ शब्द वापरायचा. 'डाइड'.

"लई कडक वाटतो तो शब्द," ती म्हणाली. "मेली म्हणल्यासारखा."

हे मात्र तिचं निम्मंच बरोबर होतं, आणि ते निम्मं मला आधी सुचलं नव्हतं. आपल्याकडे मेला ही शिवी आहे. आपल्या माणसाला आपण मेला म्हणत नाही. वारली म्हणायला मनाची थोडी तयारी लागते. देवाघरी गेली हे मुलांना सांगायचं. गेली म्हटलं तर कुठे, असा प्रश्न उरतो. मग ऐनवेळी दारात उभ्या असलेल्या, पायाखालची जमीन सरकलेल्या पोरीनं कुठला शब्द वापरायचा? चुलीवरचं तापलेलं पातेलं आपण हातानं उचलत नाही, सांडशी घेतो. ऑफ हा शब्द आमच्या लोकांनी तसा घेतला असणार. परक्या भाषेतला असल्यामुळे तो तोंड भाजत नाही. इतकी वर्षं मी त्याला चूक म्हणत आलो. चूक तो होताच. पण तो कशासाठी हाताशी घेतला होता, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

तिला मी एवढंच म्हणालो, "इंग्रजीत 'डाइड' ही शिवी नाही. राजाही डाइड आणि रंकही डाइड. म्हणून बघ."

"समोर तुम्ही असताना?"

"मीच हवा. आणखी कुणाला सांगणार होतीस?"

ती उठून उभी राहिली. कार्डावर लिहिलं होतं की नर्सनं आधी बसावं, म्हणून पुन्हा खुर्चीवर बसली आणि खुर्ची पुढे ओढली. या कार्डात पेशंट बाई होती आणि बातमी तिच्या नवऱ्याला द्यायची होती; तो नवरा मी झालो. तिनं स्वतःचं नाव आणि काम सांगितलं. मग म्हणाली की मला तुम्हाला वाईट बातमी द्यायची आहे. मग थांबली. मी वाट पाहिली. बाहेर गल्लीत भाजीवाल्याची गाडी गेली.

"आय अ‍ॅम व्हेरी सॉरी," ती म्हणाली. "युअर वाइफ हॅज डाइड."

मला वाटलं होतं की हे ऐकून काहीतरी कोसळेल. तसं काही झालं नाही. उलट बऱ्याच दिवसांपासून दारात ताटकळत असलेलं कुणीतरी आत येऊन बसलं, असं वाटलं. वाक्यात कर्ता होता, क्रियापद होतं. समजायला काही उरलं नव्हतं.

कार्डाप्रमाणे पुढचा प्रश्न नवऱ्याचा होता. मी विचारला, "वॉज शी इन पेन?"

तिनं इंग्रजीत सुरुवात केली. औषधांमुळे त्रास कमी होता, आम्ही सोबत होतो, असं दोन वाक्यं बोलली. तिसऱ्या वाक्याला ती मराठीत आली.

"न्हाई मामा, त्रास नव्हता तिला. सकाळी शुद्धीत होती. मी पेज भरवली तर चिडली माझ्यावर. म्हणली, ह्याच्यात मीठ कुठंय, दवाखान्यानं काय उपास धरलाय का. मी म्हणलं, आत्या, मीठ बंदंय तुला. तर म्हणली, बंद करणाऱ्याला बोलाव इकडं. मग झोपली. झोपेतच गेली. माझा हात तिच्या हातात होता."

हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला आधी विचारावं लागतं. मी कधी विचारलं नव्हतं आणि तिनं आपणहून सांगितलं नव्हतं. मिठावरून भांडणारा तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. ती तशीच बोलायची. मी रडलो, तीही रडली. मग तिनं डोळे पुसले आणि विचारलं, "मामा, हे मधलं मराठी सोडलं तर बाकी कसं झालं?"

"चांगलं झालं. 'हॅज'वरचा जोर जरा कमी कर."

परीक्षा हैदराबादला होती. ती मैत्रिणीबरोबर गेली. संध्याकाळी स्टेशनवरून तिचा फोन आला, आणि आवाजावरून मला काहीच अंदाज येईना.

"कार्ड काय आलं?" मी विचारलं.

"मामा, वॉकर वापरायला तयार नसलेली म्हातारी."

"एवढंच?"

"एवढंच. दुसरं बी सोपंच होतं. मी एवढी तयार होऊन गेले होते, आन ती बाई म्हणायली, वॉकर घेतला की मी म्हातारी दिसते."

"मग पटवलंस का तिला?"

"पटवली. मी म्हणलं, पडलात तर आणखी म्हाताऱ्या दिसाल."

ती पास झाली. निकाल कळवायला मेव्हण्याचा फोन आला. या खेपेला तो शेतात नव्हता, म्हणून आवाज लहान होता. "दाजी, पोरगी निघाली बघा. तुमच्यामुळं झालं."

"तिची तीच निघाली," मी म्हणालो.

"आक्का ऑफ झाल्यापासून आमच्या घरात अशी बातमी आली नव्हती," तो म्हणाला.

चहा टाकायला आत जावं, असं मला वाटलं नाही. मी त्याला म्हणालो, "हो. अशी आली नव्हती."

"मग आता या की इकडं. तिला सोडायला हैदराबादला जायचंय. विमानतळावर तिथल्या लोकायसंग कोण बोलंल? मी बोललो तर मलाच विमानात बसवतील."

मी रेणापूरला गेलो. अंगणात बॅग उघडी पडली होती आणि सगळं घर तिच्याभोवती बसलं होतं. वजनाचा काटा शेजाऱ्याकडून आणला होता. स्वेटर, कागदपत्रं, पांढरे बूट, आणि आमटीसाठी आईनं घरी भाजून दळलेल्या येसराची पिशवी. मी नांदेडहून माझी जाड डिक्शनरी आणली होती. तिच्या पानांवर वर्षानुवर्षं माझ्या पेन्सिलीच्या खुणा झालेल्या आहेत. ती मी तिच्या हातात दिली. तिनं दोन्ही हातांनी घेतली, पाया पडली आणि बॅगेत तळाशी ठेवली. काटा वर गेला.

"काहीतरी काढावं लागंल," मेव्हणा म्हणाला.

तिच्या आईनं येसराची पिशवी काढायला हात घातला. मुलीनं तिचा हात धरला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, डिक्शनरी बाहेर काढली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली.

"रागावू नका मामा," ती म्हणाली. "डिक्शनरी फोनमध्ये हाय. येसर फोनमध्ये न्हाई."

मेव्हणा म्हणाला, "घ्या दाजी. एवढं शिकवून हे शिकली."

"बरोबर शिकली," मी म्हणालो आणि येसराच्या पिशवीचं तोंड घट्ट बांधून ती तिच्या हातात दिली.